कावळ्याचं पाऊल

संगणकासमोर न कळणारं अक्षर आलं तर त्यानं थांबून विचारावं की ते फेकून देऊन पुढे जावं, हा प्रश्न मला बाविसाव्या वर्षी पडला आणि मी तो एका ओळीत निकालात काढला. फेकून द्यावं. त्या एका ओळीपायी आमच्या शेजारच्या काकांचा डावा डोळा गेला. हे त्यांना सांगायचं असं मी त्याच आठवड्यात ठरवलं, आणि पुढची पाच वर्षं नुसती ठरवत राहिले.

आम्ही सुरतेत डिंडोलीला राहायचो. चाळीतली बहुतेक घरं धुळ्याकडची, एकमेकांच्या सोयऱ्याधायऱ्यांतली. वडिलांना मी आबा म्हणायचे. ते उधन्याला एका खात्यात लूम चालवायचे. खातं म्हणजे मागांची शेड. काका आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे, आणि खात्यातही त्यांची लूम आबांच्या लूमला लागूनच होती. दोघं एका सायकलवरून जायचे. जाताना आबा पायडल मारायचे आणि येताना काका. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, आणि मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केल्यापासून माझ्या तोंडात अधूनमधून इंग्रजी. आई म्हणायची, हिला भाकरी वाढायचीसुद्धा मला आता भीती वाटते.

आबांच्याच शेठनी मला नोकरी दिली. खात्याच्या वर एक खोली, तिच्यात एक कॉम्प्युटर, त्याला उदबत्ती ओवाळलेली. शेठकडे एका जुन्या नक्षीवाल्या मास्तरांच्या वह्या होत्या. मास्तर वारले होते, पण त्यांच्या साड्यांना अजून मागणी होती. वहीत प्रत्येक ओळीत आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या एका फेरीचा हिशेब: कोणते धागे उचलायचे, कोणता रंग जायचा, कुठला तुकडा किती वेळा परत विणायचा. ते वाचून भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं बनवायची, त्यांची माळ लूमवर चढवायची, की लूम आपोआप पोपट नि कोयऱ्या विणते. एका नक्षीची कार्डं हातानं करायला महिना जायचा. शेठना ते काम कॉम्प्युटरकडून चार दिवसांत हवं होतं.

डिप्लोमाच्या सरांनी मला एक फ्लॉपी दिली होती. तिच्यात लेक्सर आणि पार्सर बनवायची लायब्ररी होती, आणि सोबत झेरॉक्स केलेलं जाड मॅन्युअल, ज्याच्या दर तिसऱ्या पानाचा खालचा कोपरा पांढरा आला होता. मी ते डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. लेक्सर अक्षरांच्या रांगेतून कामाचे शब्द वेगळे काढतो, जसे आई सुपात तांदळातून खडे वेगळे काढायची. पार्सर त्या शब्दांची मांडणी नियमात बसते का ते बघतो. शब्द कोणते आणि कशामागून काय येऊ शकतं, एवढं आपण लिहून द्यायचं. बाकीचं ती लायब्ररी करते. एका तुकड्याच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, अशी मास्तरांची गुंतागुंत माझ्या पार्सरनं पहिल्यांदा सरळ उलगडून दाखवली, तेव्हा मी त्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या. इतका आनंद मला नंतर कशानंही झाला नाही, हे खरं तेच सांगते.

वह्या टाइप करायला एक ताई होत्या, फार चोख काम करणाऱ्या. वहीत मधेच कुठे कुठे एक बारीक खूण होती, तीन रेघा एका टोकाला जुळलेल्या, ओल्या मातीत कावळ्याचं पाऊल उमटावं तशी. कीबोर्डवर असलं काही नव्हतं. ताईंनी त्यातल्या त्यात तिच्यासारखी दिसणारी ^ ही टोपी शोधली आणि प्रत्येक ठिकाणी इमानानं टोपी दाबली. माझा लेक्सर त्या टोपीपाशी अडायचा. अनोळखी अक्षर, ओळ अमुक. मी टोपी काढून बघितली, तर ओळींचा हिशेब बरोबर जुळला. मग ही खूण कशाला? मी हसत ताईंना म्हटलं, मास्तर तिथे तंबाखू मळायला उठले असतील. आणि नियमांच्या शेवटी एक ओळ वाढवली: वरच्यापैकी कशातच न बसणारं काहीही आलं, तर टाकून दे आणि पुढे चल. खडे टाकूनच द्यायचे असतात, त्यात विचारायचं काय?

त्याच रात्री जेवताना मी वहीचं एक पान आबांना दाखवलं. शेखी मिरवायचीच होती. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मास्तरांची वही त्यांनी कार्ड करणाऱ्यांच्या हातात उभी हयात पाहिली होती. त्यांनी घास हातात धरून दुसऱ्या हाताचं बोट बरोबर त्या खुणेवर ठेवलं.

"हाई काय शे, माय?"

"मास्तरनी खूण. मशीनले समजत नही, म्हनीसन सोडी देस."

"सोडी देस?"

"हा. फालतू शे ते."

आबांनी बोट उचललं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांगस तर व्हई," आणि जेवायला लागले. माझं म्हणणं आहे म्हणजे तसंच असेल, एवढाच त्याचा अर्थ. पंचवीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसाला मी उलट विचारलं नाही, की आबा, तुम्हाला काय वाटतं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामा नव्हता, तो दुसऱ्याच्या शेतात घुसला.

कार्डं तयार झाली. शेठनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "आ भाऊनी छोकरी तो कमाल छे!" असं येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्याला सांगायचे. गुजराती माणूस आम्हा सगळ्या मराठी माणसांना भाऊ म्हणतो. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला मानाचं वाटलं. पहिली माळ आपल्याच लूमवर चढवा, असा आबांनी हट्ट धरला. काका चाळीत घरोघर सांगत फिरले की आपल्या पोरीनं मेलेल्या मास्तरांना वाचायला मशीन शिकवलं. काकांना मूलबाळ नव्हतं. माझ्या कौतुकात त्यांचाही वाटा होता आणि तो ते पुरेपूर घ्यायचे.

तीन-चार महिने गेले. मी वरच्या खोलीत बसायचे आणि खालून शंभर लूम्सचा खडखडाट जमिनीतून पायात यायचा. माणूस त्यालाही सरावतो. हळूहळू मला त्यातून आबांची लूम ओळखू यायला लागली, कारण ती अडखळायची. बाकीच्या, अजून जुन्याच कार्डांवरच्या, एका लयीत चालायच्या आणि ती मधेच थांबायची, एक श्वास घ्यावा इतकं, मग पुन्हा सुरू. पुन्हा थोड्या वेळानं तसंच. मी खिडकीतून खाली बघितलं, तर आबा हँडल ओढून वाकलेले, धोट्यांच्या पेटीवर हात ठेवलेला. आबा थकले, असं वाटलं मला. त्यांचं कापड इतरांपेक्षा कमी निघतं म्हणून शेठही दोनदा बोलले होते. घरी मी आईला म्हणाले, त्यांचा हात आता चालत नाही गं.

मला सगळं ऐकू येत होतं आणि मी त्याचा अर्थ बापाचं म्हातारपण असा लावला.

गावी आबांच्या पुतणीचं लग्न निघालं. ते जायला तयार नव्हते. मीच मागे लागले. "आबा, तुम्ही थकी गयात. आठ दिन गावले जाई या."

"लूम सोडीसन कसं जाऊ?"

"काका शेतस ना सांभाळाले."

आबा शेवटी तयार झाले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी काकांना आपल्या लूमवर नेलं आणि दोघं तिथे खूप वेळ उभे होते. मी वरून बघितलं. जुने दोस्त, म्हटलं, निरोप घेतायत. मीच शेठना सांगून रजा मंजूर करून घेतली होती, त्याच आनंदात होते.

आबा गावी गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी खालचा आवाज एकदम कमी झाला. एकेक लूम बंद होत गेली. मी जिन्यावर आले तेव्हा चार माणसं काकांना उचलून नेत होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर कुणाचा तरी गमछा दाबून धरलेला होता. धोटा उडाला होता. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड लावलेला धोटा, पेटी नीट बसली नाही तर बाणासारखा बाहेर पडतो. लूमवाल्यांना हे माहीत असतं. मलाही माहीत होतं, ऐकून.

सगळे दवाखान्यात गेल्यावर मी आबांच्या लूमपाशी एकटी गेले. कशाला गेले ते सांगता येत नाही. वर कार्डांची माळ लोंबत होती, माझी माळ. काही कार्डांच्या कडेला निळं काहीतरी दिसलं. ताग्यावर खुणा करायचा निळा खडू असतो, त्यानं काढलेलं कावळ्याचं पाऊल. मी माळ हातानं फिरवली. दुसरं आलं, तिसरं आलं. जिथे जिथे मास्तरांच्या वहीत ती खूण होती आणि माझ्या प्रोग्रामनं टाकून दिली होती, तिथे तिथे एका निरक्षर माणसाच्या हातची, जरा तिरकी, जाड रेघांची खूण. पुन्हा पुन्हा माळ फिरवली. एकही सुटली नव्हती.

त्या खुणेच्या जागी एक रिकामं कार्ड घालायचं असतं. रंग बदलताना धोट्यांची पेटी वर-खाली होते. त्या रिकाम्या फेरीत धोटा जागेवर थांबतो आणि पेटीला बसायला वेळ मिळतो. हे मला नंतर जुन्या कार्डवाल्यानं सहज सांगितलं, जसं कुणी पाणी उकळल्यावर चहा टाकायचा सांगतं. म्हणजे तीन-चार महिने माझ्या प्रोग्रामनं गाळलेली प्रत्येक खूण आबा हातानं भरून काढत होते. दर वेळी हँडल ओढायचं, पेटी चाचपायची, पुन्हा सोडायचं. शेठची बोलणी खायची. आणि घरी येऊन माझ्या पगाराच्या पेढ्यांचा तुकडा तोंडात टाकायचा.

मी वर गेले आणि ती शेवटची ओळ बदलली. कळलं नाही तर थांब. दोन मिनिटांचं काम होतं. नवी कार्डं काढली. शेठनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आबा तार मिळाल्यावर परत आले आणि थेट शेठकडे जाऊन म्हणाले, पेटी ढिली होती, मी जाताना बघायला हवी होती, चूक माझी. सगळ्या खात्यानं ते ऐकलं. मी जिन्यात उभी होते. तोंड उघडायला मला एक पायरी खाली उतरावी लागली असती, तेवढी मी उतरले नाही. घरी त्या रात्री आबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे, आणि आई म्हणाली, जेवा आता दोघं. आम्ही जेवलो. निळ्या खडूबद्दल आमच्यात त्यानंतर कधीच एक शब्द निघाला नाही.

काकांना लूम सोडावी लागली. एका बिल्डिंगवर वॉचमनची नोकरी मिळाली. रोज संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन बसायचे, कधी औषधाची बाटली, कधी गावाकडून आलेलं पत्र घेऊन, "वाच वं माय" म्हणायचे. मी वाचायचे. ते उजवा डोळा माझ्या तोंडाकडे लावून ऐकायचे आणि मला त्या डोळ्याकडे बघवायचं नाही. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी "बरं व्हयनं" म्हटलं तरी मला वाटायचं, यांना कळलंय. मग वाटायचं, छे, कळलं असतं तर दारात कशाला आले असते? पाण्याच्या टाकीच्या झाकणावर धूळ असायची आणि तिच्यात कावळ्यांची पावलं. मी रोज ते झाकण पुसायचे. आईला वाटायचं, पोरीला स्वच्छतेची आवड लागली.

चार वर्षांनी आबा झोपेतच गेले. दहाव्याला तापीच्या काठावर पिंड ठेवला. चुलतभाऊ पुढे, मी मागे, काका माझ्या शेजारी. कावळे होते, समोरच्या भिंतीवर ओळीनं बसलेले, पण एक उतरेल तर शपथ. जाणाऱ्याचं काही मनात राहिलं असलं की कावळा शिवत नाही, असं आमच्यात धरतात, मग ज्यानं त्यानं वचन द्यायचं. चुलतभाऊ म्हणाला, काकूंना, म्हणजे माझ्या आईला, अंतर देणार नाही. कुणी म्हणालं, पोरीचं लग्न करून देऊ. कावळे ढिम्म. ऊन चढायला लागलं. मी मनात म्हटलं, आबा, काकांना सांगते मी. खरंच सांगते.

एक कावळा उतरला. भुकेला असेल, प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईनं आणखी काय म्हणायचं? त्यानं चोच मारली आणि उडाला. पिंडाशेजारच्या ओल्या वाळूत त्याचं पाऊल तसंच राहिलं. तीन रेघा, एका टोकाला जुळलेल्या. मी ते पुसायला वाकले, तेव्हा काकांनीच माझा हात धरला.

तरी मी वर्षभर सांगितलं नाही. कावळ्याला दिलेलं वचनही मी मोडलं, ही माझी लायकी.

मग काकांनी गावी परतायचं ठरवलं. त्यांच्या घरच्या काकू आधीच गावी गेल्या होत्या. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. उधन्याला भुसावळ पॅसेंजरवर त्यांना पोचवायला मी एकटीच गेले, रजा घेऊन. गाडीला उशीर होता. बाकावर बसलो. आज नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"काका, माले तुमले काही सांगनं शे."

ते समोरच्या रुळांकडे बघत होते. "काय सांगशी? खडूना निशान?"

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"तुना बापनी जातांना दखाडेल व्हतं माले. आठे हँडल ओढ, पेटी दख, मंग सोड. मी इचारं, काबरं? तर म्हने, मनी पोरकडथून एक खूण सुटी गयी. तिले कोनी सांगू नका."

म्हणजे पहिल्या दिवसापासून. प्रत्येक पत्र, प्रत्येक बाटली, तापीच्या काठावरचा तो हात, सगळं माहीत असून. आणि आबांच्या मनात राहिलेली इच्छा मला कळू नये हीच होती. मग मी दिलेल्या वचनावर तो कावळा कशाला उतरला, हे मला आजही सांगता येणार नाही.

"तुमले माहीत व्हतं," मी कशीबशी म्हणाले, "तरी तुम्ही..."

"दोन दिन ओढं मी हँडल. तिसरा दिन शेठ मांगे येईसन उभा ऱ्हायना. घडी घडी लूम काबरं बंद करस, म्हने. माले लाज वाटनी." त्यांनी धोतराचा सोगा झटकला. "मी मनमां म्हनं, इतली शिकेल पोर, तिनी मशीन चुकाव नही. तुना बाप उगाच घाबरस. सोडी दिधं हँडल ओढनं."

मी रडायला लागले, भर प्लॅटफॉर्मवर, तोंडात पदर धरून. शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "आते काय करस ती मशीन?"

"थांबस, काका. नही समजनं तर थांबस आन् इचारस."

"मंग बरं," ते म्हणाले.

तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ पिशवी घेऊन बाकाच्या कडेला टेकले. आपल्याकडचेच असावेत. कुठले, कुणाकडचे, अशी चौकशी सुरू झाली. मी डोळे पुसून सरळ बसले. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ही कोण? काका ताठ झाले. चाळीत घरोघर फिरताना लावायचे तोच आवाज त्यांनी लावला.

"हाई मना शेजारनी पोर. मशीनले वाचाले शिकाडस. एकबी खूण सुटत नही."

गाडी यायला अजून वीस मिनिटं होती.